बजरंगचा कोंबडा

“मान दाबा त्याची!” भावकीतला गेणू ओरडला आणि चौघांनी बजरंगला नदीकाठच्या वाळूत पाडलं.

हौशीरामचा दहावा होता. त्याचा एकुलता एक मुलगा बजरंग डोकं भादरून घ्यायला तयार नव्हता आणि अख्ख्या परंदवडीला बापाच्या मरणापेक्षा तेच मोठं वाटत होतं. केरबा न्हावी वस्तरा पाजळून उभा होता. त्याचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात, पण गावचे दहावे बापजाद्यांपासून त्याच्याच घराकडे. गंमत अशी, की बजरंगच्या कपाळावरचा तो केसांचा कोंबडा केरबानेच उभा केला होता. मासिकातला अमेरिकन गायक एल्विसचा फोटो आरशाला टेकवून, व्हॅसलीन चोपडून, दोन तास खपून.

बजरंग लोणावळ्याच्या एका हॉटेलात गिटार घेऊन गायचा. गळा बेताचाच, पण मुंबईचे पाहुणे त्या केसांवर खूश असायचे. शनिवारी सीझन सुरू होणार होता.

“तात्या,” बजरंग चुलत्याला म्हणाला, “पाया पडतो. चार बटा काढा, समदं नगं. माजी नोकरी जाईल!”

“बाप मेला तुजा, आन् तुला भांगाचं पडलंय!” चुलत्याने त्याच्या तोंडावर वहाण हाणली. ओठ फुटला. बजरंगने लाथ झाडली, ती गेणूच्या पोटात बसली. मग कोणी धरबंध ठेवला नाही. पाठीत, बरगड्यांवर, जमेल तिथे मारत सुटले.

“केरबा, बगतोस काय? चालीव! न्हाईतर गावात पाऊल टाकू नगंस,” चुलता गरजला.

केरबाला नाही म्हणता आलं असतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याने स्वतःही ते कधी लपवलं नाही. त्याने बजरंगच्या मानेवर गुडघा रोवला आणि वस्तरा लावला. बजरंगने त्याच्या मनगटात दात रुतवले. वस्तरा घसरला आणि कानामागे बोटभर चिरत गेला. तीस वर्षांत केरबाने गिऱ्हाइकाच्या रक्ताचा थेंब काढला नव्हता. आता ते मानेवरून वाळूत गळत होतं.

“थांबू नगं!” गेणू म्हणाला.

केरबा थांबला नाही.

शनिवारी हॉटेलच्या मॅनेजरने बजरंगची टोपी काढून पाहिली आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. तिथून तो सरळ केरबाच्या दुकानात आला. कानामागची जखम चिघळली होती. केरबाने गरम पाण्याने ती पुसली, फडकं बांधलं. मग खणातून एल्विसचा फोटो छापलेला, जपून ठेवलेला पेपर काढला.

“ह्ये बग, बजा. त्याचं बी काढलं. लष्करात घेतलं त्याला, समदा कोंबडा खाली! तरी जग त्यालाच डोक्यावर घेतंय. तुजं बी वाढतील, मी सवता बसवून दीन.”

बजरंगने पेपर हातात घेऊन फोटो पाहिला. अंगावर कापड घेऊन खुर्चीत बसलेला तो गाणारा, आणि डोक्यावर न्हाव्याचं मशीन.

“केरबाभाऊ,” तो म्हणाला, “ह्याला कुनी धरलंय का?”

केरबाने पेपरची घडी घातली. बजरंग उठून गेला, तो पुन्हा त्या खुर्चीत कधी बसला नाही.

महिन्याभराने परंदवडीहून दहाव्याचं बोलावणं आलं. केरबाने पिशवीत वाटी टाकली, पंचा टाकला, वस्तरा हातात घेतला. मनगटावर बजरंगच्या दातांचे वण अजून दिसत होते. त्याने वस्तरा परत खणात ठेवला.

“दुसरा न्हावी बगा,” तो बोलावणं घेऊन आलेल्याला म्हणाला.