ट्रंकेतला घोट

शनिवारी संध्याकाळी काळाचौकीच्या आमच्या चाळीत शेवंतीकाकींच्या दारापाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत पोटमाळ्याखाली एक लोखंडी ट्रंक होती आणि सगळ्यांचे कान तिच्याकडे लागले होते. गुडूक. जरा थांबून पुन्हा गुडूक. आत बसून कुणीतरी सावकाश घोट घेत होतं.

ट्रंक धोंडूकाकांची. काका दोन वर्षांपूर्वी दारूपायी गेले. शेवटी शेवटी ते एका घोटासाठी तळमळत होते. डॉक्टरांची सक्त मनाई, म्हणून काकींनी दिला नाही. काकांचा तहानलेला जीवच ट्रंकेत अडकलाय असं मानायला चाळीला एवढं कारण पुरे होतं. त्यातून दर शनिवारी काकी मारुतीला तेल वाहून परतल्या की आवाज चढायचा, खोलीभर आंबूस वास सुटायचा, आणि आठवडा सरेपर्यंत सगळं मंदावायचं.

रे रोडच्या वखारींमागून आणलेल्या भगताने देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"ह्या ट्रंकेत जो तानेलो जीव अडाकलो हा, तेची साक्ष आज मिळाक व्हयी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ ओरडली.

त्याने झाकण उघडलं आणि पेटती मेणबत्ती आत, काकांच्या जुन्या कपड्यांपर्यंत नेली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. खिडकी बंद होती, वाऱ्याची झुळूकही नव्हती. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

"बघितलंत? ज्योत गिळतोय तो!" भगत काकींकडे वळला. "बाये, जेवण तू सोडलंसच. आजपासून पाणीपण सोड. तुझ्या वाटणीचं त्याला मिळू दे."

मग मात्र माझं डोकं फिरलं. काकींना मधुमेह. या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी अन्न सोडलं, गोळ्या सोडल्या, नुसत्या चहावर होत्या. परवा मोरीत चक्कर येऊन पडल्या. आताही भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले, नजर त्या ट्रंकेवर. पाणी सोडलं असतं तर त्यांचीच तिरडी बांधावी लागली असती.

"थांबा," मी म्हटलं. "मला बघू दे."

मी वैशाली, शेजारच्या खोलीत राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

भगत हसला. "ताई, तुम्ही बुद्धाची माणसं. तुम्हाला आमचं देवाधर्माचं काय कळणार?"

"मेणबत्तीचं कळतं."

मी कपड्यांत हात घातला, तसा काकींचा मुलगा हितेंद्र पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वैशालीताई, नको ना, प्लीज!"

काकांच्या कोटाखालून मी बाटली काढली. निम्मी पाण्याने भरलेली, आणि पाण्यात बुडालेलं नळीचं टोक. गुडूक, बाटली माझ्या हातातच बोलली. दारात उभी असलेली शेजारीण बकुळा किंचाळली. नळी ट्रंकेच्या गंजलेल्या भोकातून मागे, तिथून वर पोटमाळ्यावर, गाद्यांमागे लपवलेल्या मोठ्या कॅनपर्यंत गेली होती.

"काय आहे वर?"

"बिअर," हितेंद्र पुटपुटला. "घरी बनवतोय. बाटली कुणाला दिसू नये म्हणून ट्रंकेत ठेवली. दुकानातली पाणचट लागते, म्हणून स्ट्राँग करत होतो. साखर एकदम टाकली तर यीस्ट दमतं, असं व्हिडिओत सांगितलं होतं. म्हणून थोडी थोडी."

"आणि टाकायचास कधी?"

"आई मारुतीला गेली की."

म्हणजे भुताचा वार मारुतीने ठरवला नव्हता, हितेंद्रने ठरवला होता. यीस्ट साखर खातं, तिची दारू करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो नळीतून बाटलीतल्या पाण्यात बुडबुडला की गुडूक. हा वायू हवेपेक्षा जड. उघड्या ट्रंकेतही तो तळाशी साचून राहतो, आणि त्यात ज्योत जगत नाही. मी नळी बाहेर काढली, ट्रंक पालथी करून पुन्हा सरळ केली आणि मेणबत्ती आत धरली. ती शांत जळत राहिली. भगत तोवर चपला शोधत होता.

"मेल्या, आई उपाशी मरताना दिसत नव्हती तुला?" बकुळा हितेंद्रवर ओरडली.

"बाबांसारखं होणार नाही, दारूला शिवणार नाही, अशी शपथ घेतली होती आईसमोर. सांगायची हिंमत झाली नाही." तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही.

काकी सरपटत ट्रंकेपाशी आल्या. माझ्या हातातली मेणबत्ती घेऊन त्यांनी स्वतः आत धरली. मेण बोटांवर ओघळलं तरी हात हलला नाही.

"म्हंजे तो नाय हुतो?" त्या म्हणाल्या. "मगे इतके शनवार मी कोणाची माफी मागलंय? आता माका माफ कोण करतलो?"

"काकी," मी त्यांच्याजवळ बसले, "घोट नाकारलात तो त्यांचा जीव वाचावा म्हणून. त्यात गुन्हा कुठला, की माफी मागावी?"

त्यांनी मेणबत्ती विझवली. मग हितेंद्रने आणून पुढे केलेली पेज त्यांनी हातात घेतली.

आता ट्रंकेतून आवाज येत नाही. तरी शनिवारी मारुतीहून आल्या की काकी घटकाभर तिच्यापाशी थांबतात, कान देतात, आणि मग गोळी घेतात. मेलेलं माणूस परत येत नाही. मागे राहिलेल्याच्या मनाला टोचणी लागते, आणि त्या टोचणीवर भगत पोट भरतात. म्हणून कुठे ज्योत विझली तर हात जोडू नका. आधी कपडे उचलून खाली काय आहे ते बघा, आणि उपाशी माणसाला जेवायला वाढा.