वहिनींच्या शेडची जागा

खडीचा धंदा तिला बापाकडून आला आणि त्याच्याबरोबर संशयी स्वभावही. शेड असो, जनरेटर असो की गाडी लावायची वाट, खाली खडीचं पक्कं बूड घालून द्यायचं हे तिचं काम. सगळे तिला खडीवालीच म्हणत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ती निवांत असे. गोड बोलू लागलं की तिचे कान टवकारत.

हे गिऱ्हाईक पहिल्या फोनपासूनच गोड बोलत होतं.

"माझ्या वहिनींसाठी शेड उभारायची आहे," तो म्हणाला. "भाऊ गेला दोन वर्षांपूर्वी. त्यांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा उद्योग आहे, मोठं मशीन घेतलंय, ते घरात मावत नाही. अंगणाचा मागचा भाग मी त्यांच्या नावावर करतोय. हक्काची जागा हवी ना माणसाला."

ती जागा बघायला गेली. अंगण ऐसपैस होतं. फाटकाजवळ सपाट, उन्हाची जागा होती आणि तिथे त्याची, म्हणजे वहिनींच्या दिराची, गाडी उभी होती. शेडसाठी ठरलेली जागा अगदी मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून. गवत सगळीकडे हिरवंगार, पण त्या जागेच्या मधोमध चार-पाच हात रुंद पिवळा गोल पडला होता.

"इथे काय होतं?"

"काही नाही. वहिनी पुठ्ठ्याचा कचरा जाळायच्या तिथे." मग त्याने आवाज आणखी मऊ केला. "एक करा, खोदू नका. माती वर्षानुवर्षांची दबलेली आहे. वरूनच खडी पसरा. उगाच पसारा कशाला?"

"फूटभर माती काढावी लागते, दादा. नाहीतर मशीन एका अंगाला कलेल आणि शिव्या मला बसतील."

"नाही बसणार. मी सांगतोय ना."

हे बोलताना त्याने तिला सगळी जागा फिरून दाखवली. भिंतीपाशी नेलं, मग पलीकडच्या कोपऱ्यात. पण दरवेळी तो त्या पिवळ्या गोलाला वळसा घालून गेला, जणू तिथे कोणी झोपलंय.

निघताना मागच्या दाराशी वहिनी भेटल्या. हातात पुठ्ठ्याचे ताव, बोटांना डिंक. खडीवालीने सहज विचारावं तसं विचारलं, "मागे कचरा जाळत होता ना तुम्ही?"

"मी?" वहिनींनी भुवया उंचावल्या. "पुठ्ठ्याचा तुकडासुद्धा मी रद्दीत विकते. जाळेन कशाला?"

टेम्पोत बसल्यावर तिने हे काकांना सांगितलं. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं माती-खडी चेपायचा कॉम्पॅक्टर चालवून त्यांचा एक कान गेला होता.

"भाऊ कसा गेला म्हणे?" काकांनी विचारलं.

"दवाखान्यात. हृदयविकाराने. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"मग तो तरी तिथे पुरलेला नाही," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. तिला हसू आलं नाही.

दोन दिवसांनी काम सुरू झालं. दीर सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसला होता. खुंट्या ठोकून दोरी ताणली, गवत खरवडून काढलं. खाली अंथरायच्या जाड कापडाची गुंडाळी तिने टेम्पोतच राहू दिली आणि काकांना म्हणाली, "आधी मातीवरूनच चेपायचं मशीन फिरवा."

"मातीवर कशाला?" दीर खुर्चीतून उठला. "खडी टाका ना सरळ."

"आमची पद्धत आहे," ती म्हणाली. अशी काही पद्धत नव्हती.

काकांनी कडेने दोन फेऱ्या मारल्या आणि मग मधोमध वळले. गोलावर मशीन जेमतेम पोचलं असेल, त्यांनी झटक्यात ते मागे ओढून बंद केलं.

"पोरी, पहार आण. खाली पोकळ आहे. कानाला नाही, तळपायांना कळतंय."

तिने पहार घेतली आणि कडेला उभं राहून गोलात मारली. हातभर मातीखाली कुजलेलं लाकूड लागलं. दुसऱ्या घावाला ते फुटलं, पहार सरकन हातातून सुटली आणि गेली. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

काका दोन पावलं मागे सरले. मशीनचा आवाज थांबल्यामुळे वहिनी मागच्या दारातून बाहेर आल्या होत्या.

"विहीर आहे," खडीवाली म्हणाली.

"असेल बाबांच्या वेळची," दीर म्हणाला. "मला काय ठाऊक? आमच्या लहानपणीच वरून झाकली असणार. आणि फळ्या इतकी वर्षं टिकल्या, तर पुढेही टिकतील. वर खडी आली की प्रश्नच मिटला."

"टिकतील म्हणता?"

"टिकतील."

"मग या, मध्ये उभे राहा. मी बाकीचं चेपून घेते."

तो जागचा हलला नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने रुमाल काढून मान पुसली, पण पाऊल काही पुढे टाकलं नाही.

"परवाही तुम्ही वळसा घालूनच गेलात," ती म्हणाली. "इथे वहिनींचं दोन टनांचं मशीन बसणार होतं. आणि त्याच्यापाशी दिवसभर उभ्या राहणार होत्या त्या."

वहिनींनी आधी त्या भोकाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, लग्न होऊन आल्यापासून तुम्ही मला कधी सुखासुखी चमचा दिला नाहीत. जागा देताय म्हटल्यावर मी आठवडाभर झोपले नाही. वाटत होतं, माझंच मन वाईट आहे."

"वहिनी, खरंच विसरलो होतो मी."

"असेल. गाडी काढा तिथून. माझी शेड फाटकाजवळ होईल."

तो वाद घालेल असं खडीवालीला वाटलं होतं. पण काकांनी पहार गेलेल्या भोकापाशी वाकून एक दगड खाली सोडला, पुन्हा तो आवाज आला, आणि दीर किल्ली आणायला घरात गेला.

पुढचे दोन दिवस विहीर बुजवण्यात गेले. कुजक्या फळ्या उपसून मोठे दगड भरले, वर मुरूम, त्यावर माती. मग फाटकाजवळ रीतसर फूटभर खोदून, कापड अंथरून, खडीचे तीन थर चेपले. वहिनींचं मशीन आलं तेव्हा बूड केसभरही खचलं नाही. दीर खिडकीतून बघत होता. फाटकाजवळ खोदायला सुरुवात झाल्यापासून तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याला नुसता विहिरीचा व्याप टाळायचा होता की आणखी काही, हे खडीवालीला शेवटपर्यंत उमगलं नाही. तिने काकांना विचारलं, तर ते म्हणाले की त्यालाही ते माहीत नसेल.

टेम्पो निघताना वहिनींनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "विहीर नेमकी कुठे आहे, भिंतीपासून किती हात, ते काढून द्या. खाली सही करा."

"आता तर बुजवली ना?"

"हो. तरी असू दे माझ्याजवळ."

तिने टेम्पोच्या दारावर कागद टेकवून नकाशा काढला आणि सही केली. वहिनींनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि मशीन सुरू करायला आत गेल्या.