कागदांना इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. वजनाने भारी, बुडाला पितळी रंग चढलेला, आणि स्वभावाने तापट. आता इस्त्रीने तापायचे नाही तर काय करायचे? तरी लोक नाक मुरडतात. माझ्या वायरीवर कापडी वेष्टण आहे आणि मूठ काळीभोर आहे. ती एका जागी जरा झिजली आहे, कारण तीन माणसांचे अंगठे तिथे टेकत आले आहेत.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण मी त्याची आठवण काढत बसत नाही. तिथे मला कोणी नावाने ओळखत नव्हते. माझे खरे घर म्हणजे एका आईचे घर. तिने मला दुकानातून आणले, त्याच संध्याकाळी उशीच्या अभ्र्यावर फिरवून पाहिले आणि म्हणाली, "हिच्या अंगात दम आहे." असे कौतुक मी अजून विसरलेली नाही. पुढे तिची मुलगी लग्न होऊन नवऱ्याबरोबर परदेशी निघाली, तेव्हा आईने मला टॉवेलात गुंडाळून तिच्या बॅगेत कोंबले. "तिकडे काय इस्त्र्या मिळत नाहीत?" जावयाने विचारले. "मिळतील. पण ही माझी आहे," आई म्हणाली.

म्हणून मी त्या मुलीला ताई म्हणते. आम्ही दोघी एकाच माहेरच्या. तिचे यजमान माझे भाऊजी आणि त्यांची लेक माझी भाची.

नव्या देशात पोचलो आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. माझ्या पिना तिथल्या भिंतीत शिरेनात! भाऊजी जाऊन एक पांढरा अ‍ॅडाप्टर घेऊन आले. तो भिंतीला, मी त्याला, असा आमचा संसार सुरू झाला. भाऊजी म्हणत, "वायर कापून इथला प्लग बसवतो. पाच मिनिटांचं काम." ताई म्हणे, "कशाला? आपण काय कायमचे राहणार आहोत?" हे बोलणे भाची रांगत होती तेव्हाचे. भाची शाळेत जायला लागली, तिच्या गणवेशाचे माप वाढत गेले, तरी अ‍ॅडाप्टर तिथेच होता.

भाऊजी एका मोठ्या लाँड्रीत कपडे प्रेस करतात. तिथे वाफेची अजस्र यंत्रे आहेत, पण घरच्या कपड्यांना त्यांना मीच लागते. त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही. कॉलर अशी बसवतात की ती दिवसभर मान खाली घालत नाही. ताई वृद्धाश्रमात काम करते. परक्यांच्या आयांना उठवते, भरवते, त्यांचे केस विंचरते. घरी आली की स्वतःच्या आईला फोन लावते.

मध्यंतरी घरात एक गुलाबी, वाफेची इस्त्री आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. मी तिथे धूळ खात पडले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण ती गुलाबी बया भाऊजींच्या पांढऱ्या शर्टावर गळली. मग मी पुन्हा खाली आले आणि मनातल्या मनात फार सुखावले.

मग ते कागदांचे वर्ष आले. या देशाचे नागरिक व्हायचे तर इतकी वर्षे सलग इथे राहिल्याचे पुरावे द्यावे लागत. मधेच जास्त दिवस बाहेर गेले, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. याच धाकाने ताई माहेरी गेली नव्हती. आता आईची नजर मंद होत चालली होती. फोनवर ती म्हणे, "मी काय पळून जात नाही. सावकाश ये." आणि जरा थांबून म्हणे, "पण फार सावकाश नको." त्या वाक्यानंतर ताई बराच वेळ माझी वायर उगाच सरळ करत बसे.

अर्ज द्यायची तारीख मिळाली. ती चुकली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता. ताईने बुटांच्या खोक्यातून कागद काढले. जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, पगाराचे कागद. आणि सगळ्यांत महत्त्वाच्या, घरभाड्याच्या पावत्या. आमची घरमालकीण खालीच हार्डवेअरचे दुकान चालवते. भाडे ती गल्ल्यावरच घेई आणि बिलाच्या मशीनमधून गुळगुळीत कागदाची चिठ्ठी फाडून देई. ताईने एकूण एक चिठ्ठी जपली होती, पण चार घड्या घालून.

ताई कामावर गेली आणि भाऊजींनी खोके उघडले. "अशा चुरगळलेल्या पावत्या साहेबापुढे ठेवायच्या? आपला धंदा काय आणि ही दशा काय," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी मला अ‍ॅडाप्टरला लावले. लग्नाच्या दाखल्यावर पातळ कापड टाकून हलक्या हाताने फिरवले. दाखला असा सपाट झाला की जणू कालच लग्न लागले होते. पगाराचे कागदही झकास निघाले. भाऊजींना हुरूप आला. त्यांनी भाड्याच्या साऱ्या पावत्या दोन कापडांच्या मधे ओळीने मांडल्या, जसे लाँड्रीत रुमाल मांडतात, आणि माझा चांगला भार देऊन एका दमात सगळ्यांवरून फिरवले.

कापड उचलले. सगळ्या पावत्या काळ्या! जळल्या नव्हत्या, नुसत्या काळ्या झाल्या होत्या. अक्षर म्हणून एक दिसेना. माझा यात काही दोष नाही, मित्रांनो. तापणे हे माझे काम. कोणावर तापायचे ते मुठीवरचा हात ठरवतो.

भाची शाळेतून आली. तिने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हा कागद उष्णतेनेच छापतात. आपण तो सगळाच छापून टाकला."

ताई आली तेव्हा भाऊजी उभेच होते.

"अहो, हे काय केलंत?"

"सरळ केल्या," भाऊजी कसेबसे म्हणाले.

"सरळ झाल्यात खऱ्या," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने त्या दिवशी आईला फोनच केला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मान खाली घालून घरमालकिणीकडे गेले. तिच्या मशीनमध्ये जुने काही राहत नव्हते. ती तुसड्या तोंडाची म्हणून साऱ्या गल्लीत प्रसिद्ध. पण तिने काळी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि खो-खो हसली. मग कागद ओढून स्वतःच्या हाताने लिहिले, सही केली. भाचीने ते घरी वाचून दाखवले. "हे कुटुंब आल्या दिवसापासून माझ्या दुकानाच्या वर राहते. भाडे कधी थकले नाही. सकाळी त्यांच्या घरातल्या बाईची जिन्यावर पावले वाजली की मी शटर उघडते. मला घड्याळ लागत नाही."

भाऊजींना धीर आला. ते शाळेत गेले, मुख्याध्यापिकेने भाचीच्या पहिल्या वर्गापासूनचा दाखला दिला. दातांच्या डॉक्टरने जुन्या तारखा काढून दिल्या. वृद्धाश्रमाच्या मुख्य बाईंनी लिहिले की, सुट्टी पडली तरी ही कधी गावी गेली नाही. ते ऐकताना ताईच्या डोळ्यांत पाणी आले. गावी न गेल्याचे असे कौतुक तिला नको होते.

कागदांचा गठ्ठा तयार झाला. त्यातला एक जरा दुमडलेला होता. भाऊजींनी सवयीने माझ्याकडे हात नेला. ताईने नुसते पाहिले. हात परत गेला.

कचेरीतले मला भाचीकडून कळले. साहेबाने सगळे तपासले. काळ्या पट्ट्याही ताईने फाईलला लावल्याच होत्या. "हे काय?" त्याने विचारले. भाऊजींनी खरे ते सांगितले. साहेबाने चष्मा काढून पुसला. "हे धरता येणार नाहीत. पत्रं पुरेशी आहेत," तो म्हणाला, आणि लग्नाचा दाखला हातात धरून पुढे म्हणाला, "इतका सरळ कागद मात्र या टेबलावर पहिल्यांदाच आला."

बऱ्याच महिन्यांनी होकार आला. नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी तिघांचे कपडे मी केले. माझ्यावर इतक्या प्रेमाने हात त्याआधी कधी फिरला नव्हता. परत आल्यावर भाऊजींनी नवा प्लग आणि पाना-पेचकस काढला. "आता हिलाही इथली करून टाकू."

"थांबा," ताई म्हणाली. "आधी हिला माहेरी नेऊन आणते."

बॅग जड झाली, तर तिने स्वतःचे जाड बूट काढून ठेवले, पण मला नेले. आईचे घर तसेच होते. दारात आईने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळून पाहिला. मग तिचा हात ताईच्या बाहीवर गेला. "किती चुरगळलंय हे. काढ, इस्त्री करून देते." नजर मंद असली तरी तिच्या अंगठ्याला माझ्या मुठीवरची जागा बरोबर सापडली. माझ्या पिना भिंतीत सरळ शिरल्या. साऱ्या गावाच्या आयांना जपणारी माझी ताई पलंगावर पाय हलवत बसली होती आणि तिची आई तिचा कुडता इस्त्री करत होती.

परतल्यावर भाऊजींनी माझा प्लग बदलला. पाचच मिनिटे लागली.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. जुनी वस्तू कपाटावर टाकण्याआधी तिला एकदा तापवून पाहा. वायर गार झाल्यावर गुंडाळा. कागद घडी न घालता ठेवा आणि त्यांना इस्त्री करू नका. मी आता थेट भिंतीला लागते. पण माहेरी जाताना मला आता उलटा अ‍ॅडाप्टर लागणार. ताईने तसा नवा विकत घेऊन आत्ताच बॅगेत टाकून ठेवला आहे.