कुणालाच न चावलेला कोल्हा

"कोल्हा कुणाकुणाच्या गुरांना चावला, तेवढं सांगा," झुल्फिकार म्हणाला.

पासली गावच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. मग सगळ्यांनी मिळून डोंगराकडे पाहिले.

"कुणाच्याच न्हाई," सोनबा म्हणाला. गावात आधी बोलायचा मान त्याचा.

"मग मारला कशापायी?"

"आगाव व्हता."

कोल्हा भर दुपारी तोंडाला फेस आणून चरणाऱ्या गुरांत घुसला होता. त्याला काठ्यांनी मारून पुरूनही टाकले असल्यामुळे त्याची बाजू ऐकायला मिळण्याचा संभव नव्हता.

झुल्फिकार भोरचा. जनावरांच्या दवाखान्यात तो व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारा, होता. नोकरी संपत आली तरी हा शब्द त्याच्या बायकोला, रहमतबीला, एका दमात म्हणता आला नव्हता. लोक त्याला डॉक्टर म्हणत. खऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला दोन तालुके आल्यामुळे हा गैरसमज दूर करायला कोणी मोकळे नव्हते. पिसाळलेल्या कोल्ह्याची खबर लागताच तोच बर्फाच्या पेटीत लस घेऊन आला होता.

गाव गप्प बसले त्याला कारण होते. दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्याने बजावले होते, ज्या गोठ्यात चावलेले जनावर, त्या गोठ्याचे दूध कॅनमध्ये पडणार नाही. त्यामुळे चावलेली गुरे सकाळीच माळावर हाकली गेली होती आणि कोल्ह्याने जन्मात न पाहिलेली गुरे धुऊनपुसून देवळापुढे बांधली होती.

"फुकट हाये न्हवं लस? मग हिलाच टोचा," सोनबा आपल्या धडधाकट म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला.

"आरं, पिसाळल्यावर औषध न्हाई. चावल्या चावल्या टोचलं तरच जनावर वाचतंय. म्या कुणाचं नाव सांगत न्हाई. गुपचूप दाखवा."

गुपचूप तेवढे सगळे राहिले. दाखवले कोणीच नाही.

मग तो स्वतःच गोठे हिंडला. बाळाबाईच्या गोठ्यात तिची तांबडी गाय होती; तिला माळावर हाकायला बाळाबाईचे मन झाले नव्हते. बाळाबाईच्या घरात त्या दोघीच. गाईच्या नाकपुडीपाशी हळद थापलेली होती.

"तारेचं कुंपण लागलं," बाळाबाई म्हणाली.

"मावशी, तारेला सुळे आसत्यात व्हय?"

"आमच्याकडच्या तारंला हायेत."

तो हसला, तीही हसली. पण गाईचे डोके धरायला ती काही पुढे आली नाही, आणि मालकिणीने धरल्याशिवाय ती गाय कुणाला सुई टोचू देणारी नव्हती. झुल्फिकारने बर्फाची पेटी मोटारसायकलला बांधली. लस आली तशी थंडगार परत गेली.

काही आठवड्यांनी, पाऊस तोंडावर आला असताना, सोनबाचा फोन आला.

"डॉक्टर, बाळाबाईच्या गाईच्या घशात आंब्याची कोय आडकलीया. लाळ गळती, पानी उतरंना."

"वरडती कशी?"

सोनबाने फोन गाईकडे धरला. झुल्फिकारने ऐकले आणि मोटारसायकलची किल्ली शोधू लागला.

"तोंडात हात घालू नका!"

"घातला की. सगळ्यांनी घालून बगितला. कोय घावंना."

तो पोचला तेव्हा गाय जांभळीला बांधलेली होती. आवाज बसेपर्यंत ओरडून झाले होते, आणि बसलेल्या आवाजात ती अजून ओरडत होती. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. भोवती गाव उभे होते.

"हिचं आता काय व्हनार न्हाई," झुल्फिकार म्हणाला. "आता तुमचं बगू. ज्यांनी ज्यांनी तोंडात हात घातला, त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जाऊन सुया घ्यायच्या. मानसाला आजून येळ हाये. एकदा लाळ गळाया लागली की मानूस बी असाच जातोय. कुणी कुणी घातला?"

"कुणीच न्हाई," सोनबा म्हणाला.

"तूच म्हनलास ना फोनवर?"

"फोनवर मानूस काय बी बोलतो."

"सोनबा, जीव जाईल रं!"

"आन् हात घातला म्हनून दवाखान्यात गेलो, की कोल्हा चावला व्हता म्हनावं लागंल. मग साऱ्या गावाचं दूध वढ्याला वतायचं का? कोयच हाये ती."

यावर सगळ्यांच्या माना हलल्या. लोकशाहीत कोय आहे म्हटल्यावर कोयच असते. ते गाईला मात्र कोणी कळवले नव्हते.

"म्या घातला," मागून बाळाबाई म्हणाली.

"ए बाळाबाई!" सोनबा खेकसला.

"घातला तर घातला. माजीच गाय, आन् तार लागली म्हनली ती बी मीच."

तिने हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर दाढांनी खरवडलेले होते. झुल्फिकारने तिला दगडावर बसवले, हातमोजे चढवले, साबण घेतला आणि तिचा हात कोपरापर्यंत चोळू लागला. घागरीतून पाणी ओतायचे, पुन्हा चोळायचे.

"आरं, लगीन लावायचंय का माजं? किती घासतुयास!"

"घासावं लागतं, मावशी."

गाय पुन्हा ओरडली. बाळाबाईने तिकडे पाहिले नाही.

"तिला लई दुखत आसंल का रं?"

झुल्फिकारने पाणी ओतले. मग त्याने मान वर करून मंडळींकडे पाहिले. तोंडांकडे नाही, हातांकडे. कोणाचे पाठीमागे होते, कोणाचे टॉवेलाखाली, कोणाचे खिशात. सोनबाने तर दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबले होते, थंडी वाजत असल्यासारखे. उकाडा मी म्हणत होता.