बाहेरचे चार दिवस

१९३४च्या भाद्रपदात मनकर्णा पहिल्यांदा आमच्या अमरावतीच्या जनाना दवाखान्यात आली, ती सासूच्या आधाराने. बडनेऱ्याजवळच्या फुलमळ्यातली माळीण, वय विशीच्या आत. पहाटेपासून ओटीपोटात उजव्या बाजूला कळा येत होत्या. शेवटची पाळी कधी आली, असं मी विचारलं. उत्तर तिच्या सासूने, पार्बताबाईंनी दिलं.

"आठ दिसांमांगंच चार दिस बाहेर बसली व्हती, बाई. पोटात काई नाई तिच्या."

बाहेर बसली म्हणजे पाळी आली, पाळी आली म्हणजे गर्भ नाही. हा हिशेब मला इतका पुरेसा वाटला की मी मनकर्णाकडे पाहिलंसुद्धा नाही. पोटदुखीचं औषध देऊन घरी पाठवलं.

दुपारी तिला बैलगाडीत निजवून आणलं. ओठ पांढरे पडलेले, नाडी बोटाला जेमतेम लागत होती. खांदा दुखतो म्हणाली. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, हे मी शिकले होते. पार्बताबाईंना बाहेर बसवून मी सकाळचाच प्रश्न आता तिला विचारला.

"नुसता डाग व्हता," ती पुटपुटली. "पन डाग दिसला तं चार दिस बसाच लागते न. त्याच्या आंधी दीड मयना काईच नोतं."

गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजनळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. लगेच पोट उघडलं, नळी काढली. मनकर्णा वाचली, पण अगदी थोडक्यात. सकाळीच ठेवून घेतलं असतं तर एवढं रक्त गेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी पार्बताबाई तिच्या खाटेपाशी उभ्या राहून बोलत होत्या. दिवस गेल्याचं लपवलं, घराला फसवलं, असं खोटं वागून त्याच हातांनी देवळासाठी फुलं तोडली. वॉर्डातल्या बाया ऐकत होत्या. मी म्हणाले की तिने काही लपवलं नाही. तिला विचारायचं ते मी तुम्हाला विचारलं, चूक माझी आहे.

पार्बताबाई हसल्या. "तुमी काहून तिची बाजू घेऊन राह्यल्या, बाई? डाक्टरीन कुठी चुकते का? इच्याच मनात पाप."

मी पुन्हा एकदा, मोठ्याने सांगायला हवं होतं. पण बाया माझ्याकडे पाहत होत्या, नर्सही पाहत होती. मी मनकर्णाचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजत राहिले. तिने दुसऱ्या हाताने पदर तोंडावर ओढला.

"चुकलं मायं, आत्याबाई," ती सासूला म्हणाली.