जेर्कोचा वेग

जोड कशाचाही असो, त्याला घाई चालत नाही. जेर्को हे इतक्या गंभीरपणे सांगायचा की समोरच्याने टोपी काढावी. बोलत असायचा तो अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांबद्दल. स्वतःचं लग्न त्याने जेवणाच्या सुट्टीत उरकलं होतं.

शिबेनिकच्या आमच्या गोदीत बेटांकडे जाणाऱ्या बोटींचे पत्रे जोडतात. दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट आवळायचे, गरगर फिरणारी पोलादी खुंटी फटीत घुसवायची आणि फटीवरून सरकवत न्यायची. धातू वितळत नाही, कणकेसारखा मऊ होऊन मळला जातो. खुंटी किती फिरवायची, किती खोल घालायची, किती कलती धरायची, यावर जेर्को कोणाचंही ऐकून घ्यायचा. ती किती वेगाने पुढे न्यायची, यावर मात्र नाही. जोरात नेली तर जोडाच्या पोटात पोकळ भुयार राहतं, म्हणून सावकाश. या सावकाशीपायी तो रोज उशिरा घरी जायचा आणि त्याची बायको पेरिना गार झालेली मासळी पुन्हा गरम करायची. पुढेपुढे तिने तेही सोडलं.

फेब्रुवारीत तो हृदयविकाराने गेला. त्याच्या जागी आलेल्या बार्तुलने खुंटीचा आकार बदलला आणि वेग दुप्पट केला. बोटी वेळेवर निघू लागल्या, माणसं उजेड असताना घरी पोचू लागली. पेरिनाला ही बातमी मासळीबाजारात एका कामगाराच्या बायकोने सांगितली, तीही सांत्वन करता करता.

पेरिना काळ्या कपड्यांत थेट माझ्याकडे प्रयोगशाळेत आली. जोडलेल्या पट्ट्या ओढून तोडणं हे माझं काम.

"शिमुन, दोन्ही तोड. त्याची आणि या नव्याची. माझ्यासमोर."

"अगं पेरिना, आता काय करायचंय त्याचं?"

"इतकी वर्षं मी एकटी जेवले. ते कशासाठी, एवढं कळू दे मला."

बार्तुल दारात अवघडून उभा होता. आमच्याकडे थोरल्या बाईला आदराने शोरा म्हणतात, तसं त्याने विचारलं. "शोरा पेरिना, कॉफी करू?"

"कर. तुझी काय, पाणी उकळायच्या आत होईल."

जेर्कोच्या हातचा एक पत्रा जानेवारीपासून भिंतीला टेकून होता. त्यातून एक पट्टी कापली, दुसरी बार्तुलच्या पत्र्यातून. शेजारी ठेवल्यावर सख्ख्या बहिणी वाटाव्यात.

पहिली यंत्रात लावली. ताणाचा काटा चढत गेला आणि धाडकन आवाज झाला. पेरिनाने छातीवर क्रुसाची खूण केली. दुसरी लावली. काटा मघाच्या जागेवरून पुढे गेला, मग धाडकन.

पहिली जेर्कोची होती. खुंटी सावकाश गेली की उष्णता मुरत राहते आणि आजूबाजूचा धातू नरम पडतो. जेर्कोलाही ते माहीत होतं. भुयारापेक्षा नरमपणा बरा, असं त्याचं म्हणणं. बार्तुलच्या खुंटीने भुयाराचा प्रश्नच ठेवला नव्हता.

"आधी तुटली ती कोणाची?"

मी यंत्र पुसायला घेतलं.

"माझी," बार्तुल म्हणाला.

"खोटं बोलतोयस."

"खोटं बोलून मला काय मिळणार, शोरा? नाक माझंच कापलं गेलं ना!"

ती यंत्राजवळ सरकली. "त्याची किती जास्त टिकली?"

"थोडी."

"थोडी," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "थोडी."

"बोटीला थोडंही पुष्कळ असतं, पेरिना."

"बोटीला असेल."

कॉफी तिने घेतली नाही. दुसऱ्या पट्टीचे तुकडे अजून कोमट होते. ते रुमालात गुंडाळून, छातीशी धरून ती दफनभूमीच्या रस्त्याने गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बार्तुल खिडकीत उभा होता. मग दुपारच्या पाळीला गेला आणि यंत्र नेहमीच्या वेगाने सुरू झालं.

पहिलीचे तुकडे भंगारात टाकण्याआधी मी पाहिले. ती जोडावर तुटलीच नव्हती, शेजारी तुटली होती. दुसरीही, हे ती रुमालात जाण्याआधीच मला दिसलं होतं.