बुवांचा उपास

त्या सकाळी नंदाताईंनी कीर्तन लावलंच नाही. अमृता बुवांना तपासायला यायची होती, आणि तिच्यासमोर झांजा-चिपळ्या ऐकत बसणं त्यांना बरं वाटेना.

बुवा म्हणजे मासा. आठ वर्षांपूर्वी नंदाताईंच्या नवऱ्यानं, विनायकरावांनी, परदेशातल्या या लायडनच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली, तेव्हा आणलेला एंजलफिश. गर्द निळं अंग, त्यावर पिवळ्या रेघा, डोळ्यांवरून काळा पट्टा. नंदाताई कीर्तन ऐकायला बसल्या की तो काचेपाशी येऊन ठाण मांडायचा. विनायकराव म्हणायचे, "घे, तुझे बुवा आले उभे राहायला. बुक्का लाव आता." फेब्रुवारीत विनायकराव गेले. चिडवणारं माणूस गेलं, चिडवायचं नाव तेवढं टाकीत फिरत राहिलं.

आणि आता त्या निळ्या अंगाला उतरती कळा लागली होती. आधी पिवळ्या रेघा विटल्या. मग डोळ्यांभोवती बारीक पांढरे खड्डे पडले, आणि बघता बघता कुशीवरून शेपटीपर्यंत खड्ड्यांची रेघच उमटली. गोधडीचा दोरा उसवत जावा तशी.

अमृता मूळची पुण्याची. इथल्या विद्यापीठात माशांच्या प्रयोगशाळेत काम करायची. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, तेव्हापासून तिची 'काकू' हाक पक्की. सायकल दाराशी लावून ती आत आली, तेव्हा हातात छोटा मायक्रोस्कोप होता.

"इथल्या हुइसआर्त्स डॉक्टरांसारखी दोन पॅरासिटामॉल लिहून पळू नकोस हं," नंदाताई म्हणाल्या.

"चहा दिलात तर नाही पळणार."

पण चहा तसाच निवला. अमृतानं घड्याळ लावून आधी बुवांचा श्वास मोजला. मग दिवे मालवले, बाजूनं टॉर्च धरला आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. टाकीतले बाकीचे चार लहान, शेवाळ खाणारे मासे ठणठणीत होते. बुवांना जाळीत धरून तिनं काचेच्या पट्टीवर अंगाची बुळबुळ हलकेच उतरवून घेतली, त्यांना लगेच पाण्यात सोडलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"परजीवी नाहीत. कापसासारखी बुरशी नाही. श्वास ठीक. आणि खड्डे दोन्ही अंगांना सारखेच आहेत. नुसतं खरचटलं असतं तर असं जोडीनं आलं नसतं." ती परत काचेकडे वळली. "पोट बघा, किती आत गेलंय. काकू, बुवांना एकादश्या करायला लावता की काय?"

नंदाताई हसल्या नाहीत.

"खायला काय घालता?"

"पालक. समुद्री शेवाळाचे कागद मिळतात ते."

"आणि काका घालायचे ते? कोळंबी, स्पंजचे तुकडे?"

"तेही," नंदाताई म्हणाल्या. कधी खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून बोलताना त्या टाकीकडे वळल्या.

"मग अन्नाची शंका सोडू. माझा पहिला संशय तिथेच होता." अमृतानं सामान आवरायला घेतलं. "आता आतला जंतुसंसर्ग धरून चालावं लागेल. ओळखीच्या पशुवैद्याकडून औषध लिहून घेते. दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचं. औषध कडक असतं, काकू. इतका खंगलेला मासा त्यातून निभावेलच, असं मी सांगणार नाही."

ती जॅकेट चढवायला लागली. नंदाताईंनी विनायकरावांच्या फोटोकडे पाहिलं, मग टाकीकडे. बुवा काचेपाशी येऊन उभे होते, रोजच्या कीर्तनाची वेळ झाल्यासारखे.

"थांब," त्या म्हणाल्या. "कोळंबी नाही घातली. फेब्रुवारीपासून नाही."

अमृता जॅकेटची एक बाही तशीच ठेवून खाली बसली.

विनायकरावांनी माशाच्या खाण्यासाठी बाहेरच्या कोठीत वेगळा छोटा फ्रीजर ठेवला होता. 'तुझ्या स्वयंपाकघरात काही येणार नाही' हा त्यांचा शब्द, आणि तो त्यांनी आठ वर्षं पाळला. ते गेल्यावर तेराव्याला नंदाताईंनी देवापुढे संकल्प सोडला: वर्षश्राद्धापर्यंत या घरात जिवाच्या पोटात जीव जाणार नाही, त्याचं पुण्य ह्यांना लागो. फ्रीजर बंद केला, आतलं सगळं टाकून दिलं.

"मला वाटलं, पाल्यावर जगेल. खात होता गं. मन लावून खात होता."

"दुसरं काही मिळालंच नाही तर खाणारच," अमृता हळू आवाजात म्हणाली. "पण भागत नाही त्याचं. हा आजार नेमका कशानं होतो ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. तरी आता औषध नको. आधी खाणं सुधारू. मी येत जाईन संध्याकाळी, मी घालीन. तुमचा संकल्प मोडायला नको."

"तू घातलंस तरी घर तेच." नंदाताई उठल्या. "आणि उपाशी मी ठेवलंय."

दुपारी त्या अमृताबरोबर दुकानात जाऊन गोठवलेली कोळंबीची पाकिटं घेऊन आल्या. कोठीत विनायकराव माशाचं खाणं वितळवायला वापरायचे ती चहाची जुनी गाळणी सापडली. स्वयंपाकघरातल्या गाळणीशी गल्लत होऊ नये, म्हणून त्यांनी तिच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळला होता. नंदाताईंनी तळहातावर पळीभर पाणी घेतलं आणि फोटोसमोर ताम्हनात सोडलं.

"तुमच्या नावानं व्रत धरलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याच माशासाठी सोडते. मला जमेल तसं पुण्य दुसरीकडून बघीन."

गाळणीत कोळंबी वितळली. वास आला तसा त्यांनी पदर नाकाला लावला. पण पदर धरायचा तर एक हात अडत होता, म्हणून तो सोडून दिला. चिमटीत एक तुकडा घेऊन त्यांनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला.

बुवा जवळ आले, परत फिरले. पुन्हा आले. मग बोटांना खरखरीत ओठ लागले आणि तुकडा गेला.

"खड्डे भरायला कित्येक महिने लागतील," अमृता मागून म्हणाली. "काही तसेच राहतील. रंग किती परत येईल, तेही आज नाही सांगता यायचं."

"असू दे." नंदाताईंनी दुसरा तुकडा उचलला. "तेवढं कीर्तन लाव गं. माझे हात ओले आहेत."